बाकड्यामागची भिंत

समोर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि पाठ वळली की शून्यबाई. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा जिन्यात मी ते नाव उच्चारलं आणि त्या नेमक्या माझ्या मागच्या पायरीवर होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, “नाव वाईट नाही, बटणराव. पण शून्य अजून झालेलं नाही. झालं की म्हणा.” आणि पुढे निघून गेल्या. ती थट्टा होती की दुरुस्ती, हे एकोणीस वर्षं त्यांच्याबरोबर काढूनही मला कळलं नाही.

बटणराव म्हणजे मी. हॉस्पिटलच्या तळघरात कॅन्सरच्या पेशंटना किरणांचा शेक देणारं कोबाल्ट मशीन होतं आणि मी त्याचा ऑपरेटर. पेशंटला टेबलावर झोपवायचं, डॉक्टरांनी कातडीवर आखून दिलेल्या खुणांवर मशीनचं तोंड जुळवायचं, “आता हलू नका” म्हणायचं, बाहेर येऊन जाड दार ओढून घ्यायचं आणि बटण दाबायचं. मशीनच्या डोक्यात अंगठ्याएवढी एक डबी असते. तिच्यातून किरण सदासर्वकाळ निघत असतात. बटण दाबलं की डबी पुढे सरकते, वेळ भरली की मागे शिशाच्या आड जाते. माझं कसब म्हणाल तर एवढंच. पण असं मशीन आजूबाजूच्या कुठल्याच गावात नव्हतं, त्यामुळे लोक लांबलांबून यायचे आणि जाताना माझे हात हातात घ्यायचे, जणू किरण माझ्याच बोटांतून निघत होते.

बाई किरण सुरक्षा अधिकारी म्हणून आल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. किरण जिथे पडायला हवेत तिथेच पडतात ना, भिंतीबाहेर, दाराबाहेर, आमच्या अंगावर तर येत नाहीत ना, हे मीटर घेऊन बघत राहणं त्यांचं काम. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दाराच्या चौकटीत हात घातला आणि घडी घातलेला पुठ्ठ्याचा तुकडा ओढून काढला. दार उघडं असेल तर मशीन चालू होऊ नये म्हणून तिथे एक खटका असतो. तो सारखा कुरकुर करायचा, म्हणून आम्हीच पुठ्ठा खुपसून त्याचं तोंड बंद केलं होतं. त्याला चार वर्षं झाली होती.

“हा कोणाचा?” त्यांनी विचारलं.

शेवटी मी म्हणालो, “सगळ्यांचाच.”

“म्हणजे कोणाचाच नाही,” त्या म्हणाल्या, पुठ्ठा पिशवीत घातला आणि पिशवीवर तारीख लिहिली.

त्यानंतर दर सोमवारी सकाळी कवायत. समजा डबी मागे गेलीच नाही, पुढेच अडकली, तर काय कराल? टेबलावर एक उशी ठेवायची, ती पेशंट. आम्ही तिला काकू म्हणायचो. घंटा वाजली की दार उघडायचं, किरणांच्या तोंडासमोर न जाता बाजूने टेबल ओढायचं, काकूंना बाहेर काढायचं, दार लावायचं. बाई घड्याळ लावून उभ्या. आम्ही मनात हसायचो. दुसऱ्या वर्षी एका मंगळवारी डबी खरोखरच अडकली, टेबलावर एक निवृत्त शाळामास्तर होते. मी आत गेलो, टेबल ओढलं, मास्तरांना काढलं, दार लावलं. चौदा सेकंद. मला लागलेला डोस बाईंनी मोजून दाखवला, पेशंटला एका मोठ्या तपासणीत लागतो त्याहून कमी. कवायत नसती तर मी आत गोंधळून तिथेच उभा राहिलो असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, बाईला वेड लागलं होतं. वेडबीड काही नव्हतं.

त्यांच्या वडलांचं एकदाच बोलल्या, डबा खाताना. ते कारखान्यांत मोठमोठ्या पाइपांचे जोड तपासायचे. जोडात आत भेग आहे का ते बघायला किरणांची एक बारकी कुपी लागते. ती एकदा नळीतून गळून पडली. वडलांना वाटलं, कसला तरी बोल्ट आहे. उचलून पँटच्या खिशात टाकला आणि दिवसभर तसेच हिंडले. मांडीवर जखम झाली, ती शेवटपर्यंत भरली नाही.

“पट्टी मीच बदलायचे,” बाई म्हणाल्या. “अकरा वर्षांची होते. कोणीतरी मीटर घेऊन एक फेरी मारली असती ना, तर पुरे होतं.” मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि मला विचारलं, अंगाला किती किरण लागले ते नोंदणारा माझा बॅज कुठे आहे. मी तो डगल्याला लावायचा विसरलो होतो.

त्यामुळे त्यांनी जे केलं ते मला कधी अति वाटलं नाही, निदान बरीच वर्षं. कायद्याने बाहेरच्या माणसाला वर्षाकाठी जेवढे किरण लागलेले चालतात त्याच्या दहाव्या हिश्श्याची मर्यादा त्यांनी आमच्यापुरती घालून घेतली. नुसती मनाशी नाही, हॉस्पिटलच्या समितीकडून लेखी मंजूर करून घेतली. माणूस पोचू शकेल अशा कुठल्याही जागी, कुठल्याही वेळी. वरून तपासणीला आलेले साहेब खूश झाले. दुसऱ्या हॉस्पिटलांची माणसं येऊन आमचे नियम उतरवून घेऊन गेली. तळघरातल्या प्रतीक्षेच्या खोलीत बाईंनी लाल अक्षरांत पाटी लावली: ‘किरणोत्सर्गाचा कोणताही डोस पूर्णपणे सुरक्षित नसतो.’

ती पाटी कर्मचाऱ्यांसाठी होती. वाचायचे मात्र पेशंट, कारण तासन्‌तास समोर तेच बसलेले. एका म्हातारीच्या सुनेने शेक घेऊन आलेल्या सासूचं ताट, पांघरूण, सगळं वेगळं केलं, नातवंडांना जवळ जाऊ देईना. आमच्या शेकाने पेशंटच्या अंगात काहीही उरत नाही. दिवा मालवला की उजेड कपड्याला चिकटून राहत नाही, तसंच. मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पाटीखाली एक ओळ वाढवली, शेक घेतलेल्या माणसापासून इतरांना धोका नाही म्हणून. ती बारीक अक्षरात होती, कारण पाटीवर जागा तेवढीच उरली होती.

आता धाकटीचं सांगतो. धाकटी म्हणजे माझी बहीण. टपाल कचेरीत पत्रं लावायची नोकरी, लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. एकदा स्टुलावरून पडली. कमरेचं हाड मोडलंय की काय म्हणून आमच्याच हॉस्पिटलात दोन एक्स-रे फोटो काढले, हाड शाबूत होतं. आठ-दहा दिवसांनी कळलं की ती पोटुशी आहे आणि फोटो काढले तेव्हाही होती.

घरात आनंद व्हायचा तो राहिला बाजूला. तिच्या सासूबाई मला भेटायला तळघरात येऊन गेल्या होत्या, त्यांनी पाटी वाचली होती. मीच म्हणालो, घाबरू नका, आमच्या मॅडमना विचारू. त्यांच्याइतकं ह्यातलं कोणाला कळत नाही. मी धाकटीला, मेहुण्यांना आणि सासूबाईंना घेऊन बाईंच्या खोलीत गेलो. बाईंनी एक्स-रेच्या मशीनचे आकडे मागवले, कागदावर बराच वेळ हिशेब केला.

मेहुण्यांनी विचारलं, “बाळाला धोका आहे का?”

“फारच कमी.”

“पण आहे?”

“शून्य आहे असं नाही म्हणता येणार.”

सासूबाई म्हणाल्या, “काही होणार नाही असं तुम्ही लिहून द्याल का?”

बाईंनी हिशेबाचा कागद पुन्हा एकदा पाहिला. त्यांना खोटं बोलता येत नसे, अर्धवट खरंही नाही. म्हणाल्या, “असं कोणीच लिहून देऊ शकणार नाही.”

मी दाराशी उभा होतो. फोटोच्या दोन चमकांत काय लागतं आणि काय लागत नाही ह्याचा मला अंदाज होता. इतक्या वर्षांत तेवढं कळतंच. पण बटण दाबणाऱ्याने मापात तोंड कशाला घालायचं, असं वाटलं. गप्प राहिलो. चार दिवसांनी त्यांनी ते मूल पाडलं. पुढे धाकटीला दिवस गेलेच नाहीत.

तिने मला एकदाच विचारलं, “दादा, बरोबरच केलं ना आपण?”

मी म्हणालो, “बरोबरच.”

आणि बाईंनी पंधरवड्याने चौकशी केली तेव्हा मी म्हणालो, “नाही राहिलं.” त्यांना वाटलं, आपोआप गेलं. हळहळल्या. मी त्यांना तसं वाटू दिलं. मी त्यांच्यावर चिडलो होतो का? होतो. पण ज्या बाईने मला सगळी दहा बोटं शाबूत घेऊन घरी जाऊ दिलं तिच्यावर चिडायचं कसं, हे मला जमत नव्हतं. मग मी काम करत राहिलो.

अशी सात वर्षं गेली. मशीनच्या खोलीच्या एका भिंतीपलीकडे रिकामी जागा होती, झाडझाडोरा वाढलेला. हॉस्पिटलने ती साफ करून तिथे औषधांची खिडकी काढली, खिडकीकडे जायचा बोळ केला आणि बोळात, भिंतीला टेकून, एक बाकडं ठेवलं. बाई मीटर घेऊन गेल्या. आकडा कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली होता. बाईंच्या मर्यादेच्या मात्र जरासा वर, दहाला बारा असा.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत बैठक झाली, मीही होतो. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, त्या बाकड्यावर रोज आठ तास वर्षभर कोण बसणार आहे? माणूस औषध घेतो नि जातो.”

मी म्हणालो, “बाकडं हलवू या.”

“बाकडं हलवलं तरी माणसं उभी राहतील,” बाई म्हणाल्या. “नियमात ‘कुठलीही जागा’ लिहिलंय. तो नियम आपणच केलाय. आज बारा चालवून घेतले तर उद्या पंधरा चालवून घेऊ. चौकटीतला पुठ्ठा असाच आला होता.”

“मग काय करायचं?”

“भिंतीला आतून पोलादी पत्रे लावायचे. तीन आठवडे मशीन बंद.”

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि सही केली. सुरक्षेला नाही म्हणायची हिंमत कोणात असते? नाही म्हणणाऱ्याचं नाव कागदावर राहतं.

त्या वेळी शेक घेणाऱ्यांत एक मावशी होत्या. शिवणकाम करायच्या, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. पंचवीस वेळा शेक घ्यायचा होता, तेरा झाले होते. रक्त जायचं थांबलं होतं, जेवण जायला लागलं होतं. मला म्हणायच्या, “बटणराव, तुमचं मशीन माझ्या मशीनपेक्षा बरं. ह्याची सुई मोडत नाही.” चौदाव्या दिवशी त्या आल्या तेव्हा दाराला साखळी होती. बाई स्वतः त्यांना सांगायला आल्या. दुसऱ्यावर ढकलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

“मावशी, सुरक्षिततेसाठी थोडे दिवस बंद ठेवतोय.”

“माझ्या सुरक्षिततेसाठी? मला तर तुम्ही मुद्दामच देताय ना ते किरण?”

“तुमच्या नाही. भिंतीपलीकडच्या लोकांच्या.”

“पलीकडे कोण असतं?”

“औषध घ्यायला आलेली माणसं.”

“म्हणजे मीच की,” मावशी म्हणाल्या. “शेक झाला की मी तिथेच जाऊन बसते.”

बाईंनी मावशींना लांबच्या मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलसाठी पत्र लिहून दिलं. बसने सात तास.

तीन आठवडे झाले. पत्रे आले, मग इमारतीचे इंजिनियर आले आणि म्हणाले, जुन्या पायावर एवढं वजन घालता येणार नाही, आधी पाया तपासा. पाया तपासायला दुसरं खातं. तोवर वरच्या कचेरीचं पत्र आलं, की ज्या अर्थी सुरक्षेच्या कारणासाठी मशीन बंद केलंय त्या अर्थी चालू करण्याआधी सगळ्या चाचण्या नव्याने द्याव्यात. बाई एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत होत्या. मशीन बंद करायला एक सही लागली होती, चालू करायला अकरा लागत होत्या. नऊ झाल्या की पहिल्या दोघांची बदली व्हायची.

आणि डबीतले किरण कोणासाठी थांबत नाहीत. बंद खोलीतही त्यांचा जोर रोज थोडाथोडा ओसरतो. वर्ष उलटलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, आता चालू झालं तरी दहा मिनिटांच्या शेकाला अकरा-बारा मिनिटं लागतील, नवी डबी आणावी लागेल. नवी डबी बंद पडलेल्या मशीनसाठी कोणी मंजूर करीना.

मावशींचा नवरा आला तो ह्याच सुमारास. खालमानेचा, हळू बोलणारा माणूस. त्याच्या हातात मावशींचं उपचाराचं कार्ड होतं. पंचवीस चौकोन, तेरा भरलेले, माझ्याच अक्षरात तारखा. खाली छापलेलं असतं, ‘उपचार पूर्ण झाल्यावर जमा करावे.’

“हे आता कुठे जमा करायचं?” त्याने विचारलं.

दूरच्या हॉस्पिटलात त्यांना नऊ आठवड्यांनी नंबर मिळाला होता. तोवर आजार पोटभर पसरला होता. ती जाऊन दीड महिना झाला, म्हणाला. बाईंनी कार्ड घेतलं. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. तो पाणी पिऊन, आभार मानून गेला. आभार कशाचे, ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी मशीन बंद झालं तेव्हाच्या सगळ्या पेशंटचा शोध लावायला घेतला. सेहेचाळीस नावं होती. फोन लावले, पत्रं लिहिली, काही घरी स्वतः जाऊन आल्या. सहा आठवड्यांनी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि वही समोर ठेवली. त्यांच्या वहीत खाडाखोड कधी नसायची. ह्या पानांवर होती.

“वीस गेले,” त्या म्हणाल्या. “त्यातले अकरा कदाचित तसेही गेले असते. नऊ मी धरते. लांबच्या हॉस्पिटलात पोचले त्यांतल्या बऱ्याच जणांचा शेक मध्येच तुटलेला. असा शेक तुटला की मागे राहिलेला आजार रोज वाढतो, हे मला माहीत होतं, बटणराव. पुस्तकात आहे.”

“आणि बाकडं?”

“बाकड्यावर चार माणसं कायमची बसवून ठेवली असती, तर हिशेबाने चाळीस हजार वर्षांत एकाला कॅन्सर.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “हा हिशेब मला तेव्हाही करता आला असता. अर्ध्या तासाचं काम. मी भिंतीची एकच बाजू मोजत राहिले.”

मी म्हणालो, “तुम्ही कोणाचं वाईट नव्हतं चिंतलं.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बॅज विसरून आलोय.

एव्हाना त्यांची बदली प्रशिक्षण विभागात झाली होती आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचीच एक विद्यार्थिनी आली होती. हुशार, नेटकी, बाईंसारखीच तारखा लिहिणारी. बाईंनी एक अर्ज तयार केला: आपली मर्यादा कायद्याच्या मर्यादेइतकी करावी, बाकडं हलवावं, मशीन चालू करावं. सोबत सेहेचाळीस नावांची यादी. आम्ही दोघं तो घेऊन नव्या मॅडमकडे गेलो.

तिने सगळं नीट वाचलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, हे मी पाहिलं. मग म्हणाली, “मॅडम, मर्यादा ढिली करायच्या कागदावर पहिली सही माझी होणार. उद्या त्या बोळातल्या कोणाला काही झालं तर?”

“होणार नाही,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही तसं लिहून द्याल?”

बाई कागदाकडे बघत होत्या. लिहून देता आलं असतं. पण आयुष्यभर हाताला जी सवय लागलेली ती एका दुपारी कशी सुटणार? “चाळीस हजार वर्षांत एक, असं लिहून देते,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे शून्य नाही,” ती अगदी हळू म्हणाली. “तुम्हीच शिकवलंय, मॅडम.”

अर्ज समितीकडे गेला, समितीने तो अभ्यासासाठी ठेवला आणि अजून ठेवलेलाच आहे. त्या दिवशी जिना चढताना बाई थांबून म्हणाल्या, “तुमचा चेहरा का असा झाला होता मघाशी? तिने ‘लिहून द्याल का’ विचारलं तेव्हा?”

मला गप्प बसता आलं असतं. आठ-नऊ वर्षं बसलो होतोच. पण त्या यादी करत होत्या आणि मला वाटलं, ज्या यादीत धाकटी नाही ती यादी खोटी. मी सांगितलं. नाही राहिलं म्हणजे काय झालं होतं ते सांगितलं.

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मला तिला भेटायचंय. तिला खरं कळायला हवं.”

मी नको म्हणायला हवं होतं. मला वाटलं, धाकटीला कोणीतरी येऊन चूक कबूल केली तर बरं वाटेल. माणूस दुसऱ्याचं दुःख आपल्या मापाने मोजतो.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. दोन खोल्यांचं घर, खिडकीत धुतलेल्या बरण्या उपड्या घातलेल्या. मेहुणे कामावर होते, सासूबाई वारून तीन वर्षं झालेली. धाकटीने चहा केला. बाई कागद घेऊन आल्या होत्या, नीट आखलेला.

“त्या फोटोंमधून तुमच्या बाळाला जेवढं लागलं,” त्या म्हणाल्या, “त्याच्या पन्नासपट लागलं असतं तर डॉक्टर काळजी करायला लागले असते. मी तेव्हा म्हणायला हवं होतं, निश्चिंत राहा, घरी जा. तेच बरोबर होतं. मी तसं म्हणाले नाही. चूक माझी होती. तुमच्या घरच्यांची नव्हती, तुमची तर नाहीच.”

धाकटीने कप खाली ठेवला. “हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“आकडा माहीत होता.”

ती माझ्याकडे वळली. “दादा, तुला?”

“थोडंफार,” मी म्हणालो.

ती रडली नाही. पदराला लागलेला एक दोरा काढत राहिली. मग बाईंना म्हणाली, “मी काय मनाशी म्हणत आले, सांगू? वाईट झालं, पण दुसरा इलाज नव्हता. तेवढ्यावर माझं चाललं होतं. सकाळी उठून कामावर जाता येत होतं. सासूबाईंशीही मी शेवटपर्यंत नीट वागले, कारण त्यांनी माझ्या बाळाच्या भल्यासाठीच केलं असं धरून चालले होते. आता तुम्ही खरं सांगून मोकळ्या झालात. मी हे घेऊन कुठे जाऊ?”

बाई म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्हाला कळलेलं बरं.”

“सगळं कळलेलं बरं असतं, असं तुम्हाला वाटतं,” धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “हा कागद घेऊन जा. घरात नको.”

बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बस थांब्यापर्यंत आम्ही चालत आलो. बस आली तेव्हा म्हणाल्या, “ह्या वेळी मी दोन्ही बाजू मोजल्या असं मला वाटत होतं.” आणि चढून गेल्या.

मशीन पुन्हा चालू झालं नाही. आमचे नियम उतरवून नेलेल्या हॉस्पिटलांपैकी एकाने गेल्या साली आपलं मशीन अशाच एका भिंतीपायी बंद ठेवलं. ती बातमी आम्हाला कौतुकाच्या सुरात आली, की तुमच्याकडून शिकलो म्हणून. बाईंनी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. पोचल्याचं उत्तर आलं. आमच्याकडचे पेशंट अजूनही सात तासांची बस पकडतात, ज्यांच्या अंगात बळ आहे ते.

मी निवृत्त झालो. धाकटी माझ्याशी बोलते, भाजी महागली म्हणते, गुडघे दुखतात म्हणते. टपाल कचेरीतली नोकरी तिने सोडली. मेहुण्यांशी तिचं बोलणं जवळजवळ नाही. आपण काय केलं होतं, असं ते मला एकदा विचारत होते. मी तिच्याकडे जातो तेव्हा ती दार उघडते, बसा म्हणते. आधी बस म्हणायची.

बाई महिन्यातून एकदा फोन करतात. तब्येतीचं विचारतात, मग विचारतात, “धाकटी कशी आहे?”

“बरी आहे,” मी म्हणतो.

सुरुवातीला मला भीती वाटायची की त्या विचारतील, बरी म्हणजे किती बरी, कशावरून. त्या विचारत नाहीत. “बरं,” म्हणतात आणि फोन ठेवतात.